आधी चिमटा, मग पाकीट: साठलेली तिकिटं मार्गी लावून खरेदीला आवर घालण्याची रीत

टपाल तिकिटं जमवणाऱ्याच्या घरात एक कोपरा ठरलेला असतो. बुटांचे तीन-चार खोके, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, ‘सुट्टीत बघू’ म्हणून ठेवलेल्या पिशव्या, आणि त्यांच्यावरच काल कुरिअरने आलेला नवा लॉट, म्हणजे एकगठ्ठा घेतलेली तिकिटं. आता पुरे असं मनाला कितीही बजावलं तरी पुढच्या रविवारी हात पुन्हा खरेदीकडे वळतो. यात हाव थोडी असतेच, पण मोठं कारण वेगळं आहे. आपल्याकडे काय आहे हेच ठाऊक नसलं की समोर दिसणारं प्रत्येक तिकीट आपल्याकडे नसलेलं वाटतं. १९५७च्या नकाशा मालिकेतलं १५ नये पैशांचं तिकीट सातव्यांदा घरी येतं ते असं.

म्हणून या कामाचं फळ नीटनेटका अल्बम नाही, तर ‘काय नाही’ याची यादी. ती हातात आली की खरेदी आपोआप आखडते. खाली दिलेला क्रम त्या यादीपर्यंत लवकरात लवकर पोचण्यासाठी लावला आहे. बरेच जण उलट करतात: पहिल्याच संध्याकाळी छिद्रमापक (तिकिटाच्या कडेचे दात मोजायची पट्टी) आणि भिंग घेऊन बसतात, चाळीस तिकिटांत रात्र जाते, खोका तसाच राहतो आणि कंटाळा घालवायला पुन्हा एक लॉट मागवला जातो.

आधी नळ बंद

तिकिटं कुठून येतात ते एका कागदावर लिहा. साधारण पाच वाटा निघतात: टपाल खात्याचा फिलाटेलिक ब्युरो (संग्राहकांसाठीचं विक्री केंद्र), ऑनलाइन लिलाव, व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवरचे विक्रीगट, प्रदर्शनातले विक्रेते आणि नातेवाइकांनी आठवणीने राखून ठेवलेली पाकिटं. प्रत्येक वाटेचा बंदोबस्त वेगळा.

ब्युरोत फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट, म्हणजे पीडीए, असेल तर तुम्ही काही न करताही तिकिटं येत राहतात. किमान २०० रुपये भरून हे खातं उघडता येतं आणि सांगितलेल्या संख्येत नवीन तिकिटं, प्रथम दिवस आवरणं (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का मारलेले लिफाफे), माहितीपत्रकं घरपोच येतात. खरी उधळण इथे असते ती प्रकारांची. एकच नवं तिकीट सुटं, चार जोडतिकिटांची चौकडी, पूर्ण पत्रक, आवरण, वर त्याच विषयाची मिनिएचर शीट, म्हणजे सजवलेल्या कडांचं छोटं पत्रक. ब्युरोला लेखी कळवून मागणी सुट्या तिकिटावर आणा. खातं मुलाच्या नावावर असेल आणि ‘दीनदयाळ स्पर्श’ शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं असेल, तर ते बंद करू नका. शाळेत फिलाटेली क्लब नसेल तर त्या योजनेला हे खातं लागतं.

लिलावाच्या संकेतस्थळांवरचे जतन केलेले शोध आणि सूचना काढून टाका, साठवलेलं कार्ड काढा. विक्रीगट सोडायची गरज नाही, माहिती तिथे चांगली मिळते. म्यूट करून आठवड्यातून एकदा बघा. तोवर बहुतेक लॉट विकले गेलेले असतात आणि तेच बरं.

‘हे सुटलं तर पुन्हा मिळणार नाही’ ही भीती प्रत्येक वेळी तपासून बघावी. २०००नंतरची बहुतेक स्मारक तिकिटं लाखांच्या संख्येत छापली गेली आहेत. दोन महिन्यांनी ती बाजारात नसतील असं फार क्वचित घडतं.

मुदत मात्र ठरवून घ्या. ‘यापुढे खरेदी नाही’ हा निश्चय तिसऱ्या आठवड्यात मोडतो. ‘साठ दिवस खरेदी नाही’ हा पाळता येतो, कारण त्याला शेवट दिसतो. तारीख खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहा. साठ दिवसांनंतर प्रमाण लागू करा: शंभर तिकिटं शेवटच्या जागी, म्हणजे स्टॉकबुकात (तिकिटं न चिकटवता खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वहीत) किंवा दुबार, म्हणजे जास्तीच्या प्रतींच्या, बंडलात, पोचली की यादीतली एक वस्तू घ्यायची. वजनावर किंवा पिशवीवर मिळणारा माल, ज्याला आपल्याकडे किलोवेअर म्हणतात, तो या हिशेबात अजिबात धरू नका. जुनी पिशवी तळाला लागल्याशिवाय नवी पिशवी घरात येत नाही, हा नियम सरसकट ठेवा.

भेट आलेली तिकिटं नाकारता येत नाहीत. त्यांच्यासाठी एक झाकणाचा ‘प्रतीक्षेचा डबा’ ठेवा, आलेल्या प्रत्येक लिफाफ्यावर तारीख आणि कुणाकडून ते लिहा, आणि जुन्या ढिगात काही मिसळू देऊ नका. यामागे शिस्तीखेरीज आणखी एक कारण आहे. जुन्या वाड्यांतून, पोटमाळ्यांवरून आलेल्या कागदांत कसर आणि बुरशी असते. महिनाभर वेगळं ठेवलं की ते कळतं.

शिरगणती: उघडायचं नाही, मोजायचं

प्रत्येक खोक्याला, डब्याला, पिशवीला नंबर द्या. वहीत नंबर, ढोबळ मजकूर (‘कागदावरची, भारत, मिश्र’) आणि वजन लिहा. मध्येच एखादं तिकीट चिमट्याने उचलून बघण्याचा मोह होईल, आज नाही.

वजनावरून संख्या काढायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्याच पिशवीतली २०० तिकिटं मोजून तोला आणि त्रैराशिक मांडा. समजा २०० सुटी तिकिटं १२ ग्रॅम भरली आणि पिशवी ४८० ग्रॅमची आहे, तर आत सुमारे ८,००० तिकिटं आहेत. कागदासकट असलेल्या तिकिटांचा नमुना वेगळा घ्यावा लागतो, कारण तिथे वजन बहुतेक कागदाचंच असतं.

मग आपला वेग मोजा. घड्याळ लावून १०० तिकिटं नुसती देशवार लावा. १२ मिनिटं लागली तर ८,००० तिकिटांच्या एका फेरीला १६ तास लागतील, आणि आठवड्याला चार तास मिळत असतील तर एक महिना, म्हणजे तुमचा वेग महिन्याला सुमारे ८,००० तिकिटं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली गेल्या सहा महिन्यांत दरमहा सरासरी किती तिकिटं घरात आली ते लिहा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास असेल, तर कितीही चिकाटीने बसलात तरी ढीग उतरणार नाही. हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आला की लिलावातलं बटण दाबताना हात जरा थबकतो.

बैठक आणि साहित्य

साहित्य थोडं लागतं: चपट्या, गुळगुळीत टोकाचा तिकिटांचा चिमटा (औषधाच्या दुकानातला खाचांचा नको, तो कागदावर वळ उठवतो), दहापट मोठं दाखवणारं भिंग, १०० ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाचे) लिफाफे, पेन्सिल, आणि दहा-बारा उथळ डब्या. आइस्क्रीमच्या धुऊन कोरड्या केलेल्या डब्या उत्तम. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या आकाराने अगदी योग्य वाटतात, पण हळदीचा डाग तिकिटावरून जात नाही.

पंखा बंद. हे सांगायला नको, तरी दर वेळी कुणीतरी विसरतं आणि तासाभराचं काम टेबलाखाली जातं. उकाड्यात बसवत नसेल तर पहाटेची वेळ धरा. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बसा. चहा दुसऱ्या टेबलावर.

ऋतूही महत्त्वाचा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर मिंट, म्हणजे गोंद असलेल्या, न वापरलेल्या, तिकिटांना हात लावू नये. दमट हवेत मागचा गोंद पाणी धरतो आणि पत्रकं एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात वापरलेली तिकिटं लावा, यादी करा. मिंट आणि भिजवण्याचं काम दिवाळीनंतर. चिकटलेली मिंट तिकिटं ओढून वेगळी करू नका. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर तिकिटं, अशी काही तास ठेवली की बहुतेक सुटतात. गोंदाची चकाकी थोडी जाते, पण फाटण्यापेक्षा ते परवडलं.

पहिली फेरी: फक्त बाजूला काढणं

या फेरीत ओळखायचं काहीच नाही. चार गोष्टी वेगळ्या करायच्या.

मिंट तिकिटं लगेच ग्लासिनमध्ये. पूर्ण लिफाफे आणि पोस्टकार्डं जशीच्या तशी. स्वातंत्र्यापूर्वीच्या किंवा ठसा स्पष्ट वाचता येणाऱ्या कुठल्याही लिफाफ्यावरचं तिकीट कापू नका. अनेकदा किंमत तिकिटाला नसून लिफाफ्याला, मार्गाला आणि शिक्क्याला असते. तिसरा ढीग कागदाच्या तुकड्यावर असलेल्या तिकिटांचा. चौथा सुट्या, वापरलेल्या तिकिटांचा, आणि तोच सगळ्यांत मोठा निघेल.

फाटकी, डागाळलेली, अर्धी तिकिटं एका वेगळ्या लिफाफ्यात टाका. फेकू मात्र नका, आपण काय टाकतो आहोत हे अजून कळलेलं नाही.

दुसरी फेरी: देश आणि राज्य

सुट्या ढिगातून पाच डब्या भरा: भारत, संस्थानं, पोर्तुगीज भारत, परदेश, आणि ‘टपालाची नसलेली’. शेवटच्या डबीत कोर्ट फी, रसीद तिकिटं, मुद्रांक जातात. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतल्या कागदपत्रांत ती भरपूर सापडतात आणि वेळ खातात. ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असं दोन्ही छापलेलं तिकीट मात्र टपालाचंच समजा.

संस्थानांच्या डबीत चूक फार होते. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन किंवा इंदूरच्या होळकरांची तिकिटं वेगळीच दिसतात, ती निसटत नाहीत. निसटतात ती ग्वाल्हेर, पटियाला, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांची, कारण ती ब्रिटिश भारताचीच तिकिटं, फक्त वर संस्थानाचं नाव छापलेलं. शिक्क्याखाली ते नाव दडलं की तिकीट भारताच्या ढिगात जातं. राजा-राणीचा चेहरा असलेलं प्रत्येक तिकीट डबीत टाकण्यापूर्वी तिरपं धरून काळी अक्षरं बघा. ‘सर्व्हिस’ किंवा ‘ऑन एच. एम. एस.’ छापलेली सरकारी वापराची तिकिटंही याच वेळी वेगळी काढा.

पोर्तुगीज भारताची तिकिटं १८७१पासून १९६१पर्यंतची. रेइस, टांगा, रुपिया आणि अगदी शेवटी सेंटाव्हो-एस्कुदो अशी चलनं दिसतात. गोव्याशी नातं असलेल्या घरातला ढीग असेल तर ही डबी वेगळा संग्रह होण्याइतकी भरू शकते.

परदेशाची डबी बंद करा, दोरा बांधा आणि कपाटात टाका. भारत मार्गी लागेपर्यंत ती उघडायची नाही. सगळं जग एकदम लावायला घेतलं की दोनशे ढीग होतात, टेबल पुरत नाही, जेवायच्या वेळी सगळं गोळा करावं लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी फेरी: काळ

भारताची तिकिटं काळानुसार लावायला कॅटलॉग लागत नाही, चलन आणि चेहरा पुरतो.

‘ईस्ट इंडिया पोस्टेज’ असं लिहिलेलं असेल तर १८८२च्या आधीचं. नुसतं ‘इंडिया पोस्टेज’ आणि राणी व्हिक्टोरिया असेल तर त्यानंतरचं. सातवा एडवर्ड १९०२पासून, पाचवा जॉर्ज १९११पासून, सहावा जॉर्ज १९३७पासून. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७चं, साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि ‘जयहिंद’. त्यानंतर १५ डिसेंबरला दीड आण्याचं अशोकस्तंभाचं आणि बारा आण्यांचं विमानाचं. आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. नुसते पैसे असतील तर त्यानंतरचं. ₹ हे चिन्ह २०१०मध्ये आलं, त्यामुळे ते दिसलं की तिकीट अलीकडचंच.

एक खड्डा इथे आहे. अनेक तिकिटांवर किंमत ‘५००’ अशी दिसते, शेवटची दोन शून्यं जरा लहान किंवा वर उचललेली. ते पाचशे रुपये नाहीत, पाच रुपये शून्य पैसे. या गैरसमजातून लोकांनी साधी तिकिटं ‘उच्च मूल्याची’ म्हणून विकत घेतली आहेत.

डब्या सहा पुरतात: १९४७पूर्व, १९४७-५७, नये पैसे, १९६४ ते १९७९, १९८० ते १९९९, २०००नंतर. प्रत्येक डबीत पुन्हा दोन भाग करा: नेहमीच्या वापराची मालिका तिकिटं आणि स्मारक तिकिटं. स्मारक तिकिटं वर्षवार लागतात, मालिका तिकिटं किमतीवार. या फेरीत ढीग भराभर उतरताना दिसतो, कारण साध्या ढिगातला निम्म्याहून अधिक माल पाच-सहा मालिका तिकिटांच्या असंख्य प्रतींचाच असतो.

चौथी फेरी: एक चांगलं, दोन जादा

प्रत्येक तिकिटाची सगळ्यांत चांगली प्रत निवडा. चारही बाजूंचे दात पूर्ण, चित्र मध्यभागी, घडी नाही, मागे पातळ झालेली जागा नाही, शिक्का हलका किंवा निदान वाचता येणारा. उजेडाकडे धरलं की पातळ जागा फिकट दिसते. ती प्रत स्टॉकबुकात. आणखी दोन चांगल्या प्रती अदलाबदलीसाठी. बाकी सगळ्या बंडलात: शंभर-शंभर मोजा, कागदाची पट्टी गुंडाळा, वर पेन्सिलीने नाव आणि संख्या.

‘एखादा वेगळा प्रकार असेल तर?’ म्हणून तीनशे प्रती राखून ठेवणं हे ढीग परत वाढण्याचं मोठं कारण. छपाईचे प्रकार, शिक्के यांचा अभ्यास खरोखर करायचा असेल तर एखादी मालिका निवडा आणि तिच्यापुरत्याच प्रती ठेवा.

स्टॉकबुकात आता चिकटवाचिकटवी नाही. हिंज, म्हणजे गोंद लावलेला कागदाचा छोटा तुकडा, लावून अल्बमच्या पानांवर बसवणं सुंदर दिसतं, पण अजून दोन महिन्यांत चाळीस जागा सरकणार आहेत. पट्ट्यांच्या पानात रिकाम्या जागा सोडत चला. १९४९च्या पुरातत्त्व मालिकेत ३ पैपासून १५ रुपयांपर्यंत १६ किमती आहेत. तुमच्याकडे नऊ असतील तरी सोळा जागा सोडा. त्या सात रिकाम्या जागा म्हणजे तुमची यादी तयार व्हायला लागली.

भिजवणं: कमीत कमी

पाणी हे काम पुढे सरकल्याचा भास निर्माण करतं, म्हणून नवखा माणूस पहिल्याच दिवशी बादली भरतो. कागदावरच्या तिकिटांचीही आधी वरची तिसरी-चौथी फेरी करा आणि जी ठेवायची आहेत तेवढीच भिजवा. बंडलात जाणारी कागदासकटच जाऊ देत.

एका वेळी ५०-६०, त्याहून जास्त नाहीत. उथळ परातीत कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतपत. तिकिटं चित्र वर करून तरंगत सोडा. पंधरा-वीस मिनिटांत सुटली नाहीत तर आणखी दहा थांबा, नखाने खरवडू नका. रंगीत लिफाफ्याचे तुकडे, विशेषतः लाल आणि गडद हिरवे, तसंच जांभळ्या शाईच्या शिक्क्याची तिकिटं वेगळ्या भांड्यात थंड पाण्यात, एकेक करून. एका लाल तुकड्याने सगळी परात गुलाबी होते. सुटलेलं तिकीट दुसऱ्या स्वच्छ पाण्यात धुवा आणि मागून बोट फिरवून बघा. निसरडं लागलं तर गोंद शिल्लक आहे.

वाळवायला पांढरा, न छापलेला कागद किंवा जुनं सुती कापड, तिकीट पालथं. वर्तमानपत्राची शाई लागते. जवळजवळ वाळलं की टीपकागदाच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकं, एक दिवसभर. नाहीतर सुरळी होते.

काही तिकिटांना पाणी लावायचंच नाही. ब्रिटनची १८८३-८४ची जांभळी आणि हिरवी मालिका मुद्दाम उतरणाऱ्या शाईत छापलेली आहे. पाण्यात रंगच जातो. ब्रिटनची अलीकडची स्वयंचिकट तिकिटं, ज्यांत सुरक्षेसाठी बारीक चिरा असतात, आणि अमेरिकेची अलीकडची स्वयंचिकट तिकिटं पाण्यात सुटत नाहीत, ती चारही बाजूंनी थोडा कागद ठेवून कापा. भारताची २००६ची चंदनाची, २००७ची गुलाबाची सुवासिक तिकिटं आणि २०११चं खादीवर छापलेलं गांधींचं तिकीट कोरडंच, वेगळ्या लिफाफ्यात.

बारकावे, आता कुठे

जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण) आणि छिद्रं बघायची ती स्टॉकबुकात पोचलेल्या तिकिटांची, आणि तीही जिथे त्याने फरक पडतो तिथेच. नकाशा मालिका हे चांगलं उदाहरण. आधीच्या छपाईत कागदात ताऱ्यांचं जलचिन्ह आहे, नंतरच्या छपाईत अशोकस्तंभाचं. समोरून दोन्ही सारखीच. तसंच पाचव्या जॉर्जच्या तिकिटांत: लंडनला छापलेल्यांत एकेक तारा, आणि १९२६पासून नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्यांत अनेक ताऱ्यांची रांगोळी.

तिकीट काळ्या फरशीच्या तुकड्यावर पालथं ठेवून तिरप्या उजेडात बघा. निम्म्या वेळी तेवढ्यानेच दिसतं. नाहीच दिसलं तर लायटरमधलं पेट्रोल दोन थेंब. मिनिटाभरात उडून जातं, पण काही फोटोग्रॅव्हर छपाईची शाई त्याने सुटू शकते, म्हणून आधी फाटक्या प्रतीवर करून बघा (म्हणूनच ती फेकायची नव्हती). खिडक्या उघड्या आणि देव्हाऱ्यातली समई विझलेली असली पाहिजे.

छिद्रं म्हणजे २ सेंटिमीटरमधल्या दातांची संख्या. मापकावर आधी आडवी बाजू, मग उभी. दोन्ही सारखी असतील तर एकच आकडा, वेगळी असतील तर ‘१४ गुणिले १४½’ असं लिहायचं. पोटमालिकांच्या या जंगलात पाऊल ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारा की या मालिकेचे दोन्ही प्रकार आपल्याला जमवायचे आहेत का. नसतील तर पुढे चला.

हद्द आणि यादी

चौथ्या फेरीनंतर आपल्याला खरोखर काय आवडतं ते दिसू लागतं. आता हद्द आखा. ‘स्वतंत्र भारत’ ही फार मोठी हद्द. ‘१९४७ ते १९६४’ ही पेलणारी. विषयवार जायचं असेल तर महाराष्ट्राशी संबंधित तिकिटं घ्या. सुरुवातीच्या ओळी अशा लागतील: १९४९ची ३ पैची अजिंठ्याची चौकट आणि ९ पैची घारापुरीची त्रिमूर्ती, १९५३चं रेल्वे शताब्दीचं २ आण्यांचं (बोरीबंदर ते ठाणे गाडीची आठवण), १९५६चं टिळकांचं २ आण्यांचं, १९५८चं महर्षी कर्व्यांचं १५ नये पैशांचं, जे निघालं तेव्हा कर्वे स्वतः हयात होते, १९६१चं शिवाजी महाराजांचं, १९६२चं रमाबाई रानड्यांचं, १९७१चं दादासाहेब फाळक्यांचं. यातली बहुतेक तुमच्या खोक्यांतून आधीच निघालेली असतील.

यादीला पाच रकाने पुरे: वर्ष, तिकीट, किंमत-मूल्य, हवी ती अवस्था (मिंट की वापरलेलं), आणि जास्तीत जास्त किती रुपये देणार. शेवटचा रकाना यादी करतानाच भरायचा, विक्रेत्यासमोर उभं राहून नाही. वहीत लिहा आणि फोटो फोनमध्ये ठेवा. मोठ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. आहे त्या प्रत्येक तिकिटाची नोंद संगणकात करायला बसलात तर नळ बंद आहे हे विसरून जाल आणि कंटाळून पुन्हा खरेदीकडे वळाल. नोंद ‘नाही’ची करा.

महागड्या वस्तूंसाठी वेगळी ओळ. १९४८च्या गांधी संचातली दीड, साडेतीन आणि बारा आण्यांची तिकिटं सहज मिळतात. १० रुपयांचं महाग आहे आणि त्याच्या नकला बाजारात फिरतात. ते तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासकटच घ्यायचं, स्वस्त लॉटमध्ये ‘योगायोगाने’ दिसलं तर मुळीच नाही.

बंडलांचं काय करायचं

दुबार तिकिटं घरात राहिली की रिकामी झालेली खोकी परत भरल्यासारखी वाटतात. शाळेच्या फिलाटेली क्लबला शंभर वेगवेगळ्या तिकिटांची पाकिटं करून द्या. एकाच तिकिटाच्या शंभर प्रती मुलांना नको असतात. क्लबात अदलाबदल करताना एकास एक, यादीतलंच घ्यायचं. सगळ्यांत हमखास फसगत म्हणजे आपली बंडलं देऊन बदल्यात दुसऱ्याची न लावलेली पिशवी घेणं. त्यात फक्त ढीग बदलतो.

जे ठेवलं ते स्टॉकबुकात, पुस्तकासारखं उभं, कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूपासून चार बोटं पुढे. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या काढून टाका. त्यातलं द्रव्य शाईत उतरतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर स्टॉकबुकाशेजारी नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवून कोरड्या करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. फार कोरड्या हवेत गोंद तडकतो आणि मिंट तिकीट कुरळं होतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, उन्हाचा दिवस बघून, पानं उलटून हवा द्या. तपकिरी ठिपके दिसलेलं तिकीट त्याच क्षणी वेगळं करा.

प्रदर्शनाला जाताना

शेवटची परीक्षा तिथे असते. यादीचा फोटो नव्हे, छापील यादी न्या. फोन काढला की पैसे द्यायचं अ‍ॅपही हाताशी येतं. ठरलेली रोख रक्कम एका लिफाफ्यात, तेवढीच. पहिली फेरी हात मागे बांधून, नुसतं बघत. दुसऱ्या फेरीत विक्रेत्याला यादी दाखवा आणि ‘यातलं काय आहे?’ एवढंच विचारा. जाणता विक्रेता मिश्र लॉटची थाळी बाजूला सारून थेट स्टॉकबुक काढतो, आणि बऱ्याचदा भावही बरा करतो, कारण समोरच्याला काय हवं ते माहीत आहे हे त्याला कळलेलं असतं. यादीत नसलेलं एखादं तिकीट मनात भरलं तर त्याचं नाव यादीच्या मागे लिहून घ्या आणि पुढच्या प्रदर्शनापर्यंत थांबा.

घरी आल्यावर, कपडे बदलण्याआधी नसलं तरी त्याच रात्री, आणलेलं प्रत्येक तिकीट त्याच्यासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत बसवा आणि यादीतली ती ओळ खोडा. जागा सापडत नसेल तर ते तारीख घालून प्रतीक्षेच्या डब्यात, आणि पुढची शंभर लागेपर्यंत पाकीट बंद.